जुन्या गाडीला रंग शेवटी



आम्ही दोघी जावा. हिंगोलीपासून जवळच, रस्त्याला लागून आमच्या घरचं गॅरेज आहे. घरातले दोघे भाऊ त्यात राबतात. थोरले इंजिन आणि ब्रेक पाहतात, धाकटे पत्रा आणि रंग. आम्ही दोघी जीपचे हूड शिवतो, सीटा भरतो आणि हिशेबाची वही सांभाळतो. नवी गाडी शोरूमला जाते, आमच्याकडे येतात त्या म्हाताऱ्या गाड्या. वीस-तीस वर्षांच्या जीपा, कमांडर, मेटॅडोर, एखादी फियाट, कधी एखादी ॲम्बेसेडर. कुणाला गाडी पुन्हा कामाला लावायची असते, कुणाला बापाची आठवण म्हणून ठेवायची असते, कुणाला लग्नाच्या वरातीत मिरवायची असते.

बायकांच्या कार्यक्रमात गाडीचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. जुनी गाडी कामाला काढली की आठ-पंधरा दिवसांत त्या घरातली बाई आमच्याकडे एक चक्कर मारतेच. ती गाडीकडे बघते, मग वहीकडे बघते. कारण पैसा कुठून आला ते तिला ठाऊक असतं. कधी हळदीच्या पट्टीतून काढलेला असतो, कधी बचत गटाच्या कर्जातून, आणि पुष्कळदा गळ्यातली पोत बँकेत ठेवून. पैसा तिचा, पण काय करायचं ते ठरतं पारावर. म्हणून आज आम्ही हा विषय घेतला.

आधी थोडं या गाड्यांबद्दल. आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता, तेव्हा १९३२ साली निजामाच्या रेल्वेखात्यानं सरकारी बस सुरू केली. सुरुवात होती अवघ्या २७ गाड्यांची. त्या काळातली एक अल्बियन बस हैदराबादच्या बस भवनात आजही जपून ठेवली आहे. म्हणजे जुनी गाडी दुरुस्त करून सांभाळणं हा काही आजकालच्या पोरांचा शौक नाही. टेम्पो हा आपल्या तोंडातला शब्द घ्या. १९५८ साली नवलमल फिरोदियांनी बजाज टेम्पो ही कंपनी काढली. जर्मनीच्या टेम्पो नावाच्या कारखान्याशी करार करून त्यांनी मालाच्या तीनचाकी गाड्या आणल्या. कंपनीचं नाव आपण गाडीला दिलं, आणि आता कुठल्याही कंपनीची छोटी मालगाडी आपल्यासाठी टेम्पोच असते. जीपचंही तसंच. अमेरिकेच्या विलिस जीपचे सुटे भाग मुंबईत आणून महिंद्रांनी त्या जोडायला घेतल्या, पुढे इथेच बनवल्या, आणि खेड्यात मोटार म्हणजे जीप हे समीकरण झालं. मुंबईची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा लोक तिच्यासोबत फोटो काढत होते. गाडीवर माणसाचा जीव बसतो, ते खोटं नाही.

आता गाडी नव्यानं उभी करायची म्हणजे नेमकं काय करायचं? आपल्या एसटीचं उदाहरण बघा. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यात एसटीची मोठी कार्यशाळा आहे. मधल्या काळात तिथे जुन्या बसची ॲल्युमिनियमची बॉडी उतरवून त्याच चेसीवर लोखंडी बॉडी बांधली गेली. आपण बोलतोही तसंच, गाडीची बॉडी बांधतात. घर बांधावं तसं. २०२० मध्ये टाळेबंदीत प्रवासी नव्हते, तेव्हा एसटीनं जुन्या बसमधल्या सीटा काढून त्यांच्या मालगाड्या केल्या. या दोन्ही कामांत खालची चेसी आधी तपासावी लागते, वरचं शरीर मग येतं. घराचा पाया बघितल्याशिवाय कुणी रंगारी बोलावत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र नेमकं उलटं होतं. पहिला प्रश्न येतो, रंग कुठला द्यायचा?

आमच्या गॅरेजातला क्रम असा आहे. पहिले कागद. दुसरी चेसी. तिसरे ब्रेक आणि स्टेअरिंग. चौथं इंजिन. पाचवी वायरिंग. सहावा पत्रा. मग रंग, आणि शेवटी आमचं काम, हूड आणि सीटा. पैसा कमी पडला तर खालून कापायचा, वरून नाही. रंग पुढच्या वर्षी देता येतो. ब्रेकला पुढचं वर्ष नसतं.

कागदांचं पुढे सांगतो. आधी गाडी बघायची कशी ते ऐका. यातलं बरंच तुम्ही स्वतः करू शकता.

एक लोहचुंबक घ्या. बिघडलेल्या स्पीकरमधलं चालेल. त्याला पातळ फडकं गुंडाळा, म्हणजे ओरखडा पडणार नाही, आणि गाडीच्या पत्र्यावरून फिरवा. पत्रा खरा असेल तिथे चुंबक घट्ट चिकटतं. जिथे सैल पडतं किंवा घसरून खाली येतं, तिथे आत गंज असतो आणि वर लांबी थापलेली असते. लांबी म्हणजे पेंटर खड्डा भरायला वापरतात ती पुट्टी. थोडी लांबी लागतेच, पण कुजलेल्या पत्र्यावर जाड लांबी म्हणजे फुगलेल्या भिंतीवर चुना. दोन पावसाळ्यांत ती खपलीसारखी निघते. खरं काम म्हणजे कुजलेला तुकडा कापून काढायचा, नव्या पत्र्याचा तुकडा वेल्डिंग करून बसवायचा, घासायचा, प्रायमर मारायचा.

मग खाली वाका आणि चेसी बघा. छोट्या हातोडीनं हळू ठोकत जा. धडधाकट लोखंड ठण वाजतं, गंजलेलं भद्द वाजतं. आपल्याकडच्या जीपांचा एक खास रोग आहे. या गाड्यांनी खताची पोती वाहिलेली असतात. पोतं फाटतं, खत सांडतं, वर पाणी पडतं, आणि ते सांदीत मुरतं. खतानं लोखंड लवकर खातं. म्हणून मागच्या फळीखाली, पाटे जिथे चेसीला टांगलेले असतात तिथे, आणि बॅटरीच्या खाली नीट बघा. चेसीला चीर असेल तर बाकी सगळं थांबवा.

ब्रेक बघायचा सोपा उपाय. उभ्या गाडीत ब्रेकवर पाय दाबून धरा आणि मनात तीस आकडे मोजा. पेडल दगडासारखं थांबलं पाहिजे. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी ऑइल गळतंय. जुन्या जीपमध्ये एकाच मास्टर सिलिंडरवर चारी चाकांचे ब्रेक असतात. एका जागी गळालं की चारही गेले. त्यामुळे मास्टर सिलिंडर, चाकातले सिलिंडर, रबरी नळ्या आणि लायनर हे सगळं एकदाच नवं करून घ्यावं. इथे काटकसर नको.

धूर बघा. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. बरेचदा फिल्टर, नोझल किंवा पंपाच्या कामावर भागतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा-बोअरचं काम निघणार, खर्च मोठा. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येतच राहिला तर आत पाणी जातंय का ते मिस्त्रीला विचारा. मिस्त्री म्हणाला की पूर्ण इंजिन करावं लागेल, तर कशावरून, एवढं विचारायचं. चांगला मिस्त्री राग धरत नाही, उघडून दाखवतो. आणि बदललेला जुना पार्ट घरी मागून घ्यायचा. तो आपला असतो.

आता आमच्या हातातलं काम. हूड शिवायला बसण्याआधी आम्ही वरच्या लोखंडी कमानी सरळ करून घेतो. कमान वाकडी असली तर कितीही नीट बेतलं तरी कापडाला झोळ पडतो, झोळात पाणी साचतं आणि तिथूनच कापड कुजतं. माप नेहमी गाडीवरच घ्यायचं, जुन्या हुडावरून नाही, कारण जुनं ताणलेलं असतं. कॅनव्हास भिजला की थोडा आकसतो, म्हणून आधी पाण्यात घालून, वाळवून मग बेततो. रेक्झिन आकसत नाही, पण आपल्या वैशाखात तापून तापून घडीवर चिरतं. शिवण दुहेरी घालायची, आणि वरच्या कापडाची कड मागच्या बाजूला वळवायची, म्हणजे गाडी पळताना वारा आणि पाऊस शिवणीत घुसत नाही. दोरा नायलॉनचा, सुती दोरा कापडाआधी कुजतो. मागची प्लास्टिकची खिडकी कोरड्या फडक्यानं पुसू नका, धुळीचे ओरखडे पडून ती आंधळी होते. आधी पाणी ओता, मग पुसा.

जुन्या सीटमध्ये स्प्रिंगा आणि काथ्याची गादी असते. लोक ती फेकून नुसता फोम भरायला सांगतात. आम्ही स्प्रिंगा चांगल्या असल्या तर ठेवतो, वर काथ्या, त्यावर फोम. नुसता फोम दोन वर्षांत बसतो आणि मग खड्ड्यातला प्रत्येक दणका कमरेला लागतो. शेतातून दमून आलेल्या बाईच्या कमरेचा विचार सीट बनवणाऱ्यानं करायला पाहिजे की नको? हे काम घरी मशीन असलेल्या कुणालाही शिकता येतं. जाड कापडाची मोठी मशीन लागते, सुईही जाड लागते, पण हात तोच.

आता गाडी बदलण्याबद्दल, ज्याला पोरं मॉडिफाय म्हणतात. छत उडवायचं, रुंद टायर घालायचे, गाडी उंच करायची, मागे आडवी बाकडी लावायची, मोठा हॉर्न, डोळे दिपवणारे दिवे. दिसायला रुबाब येतो. पण रुंद टायर स्टेअरिंग वळवताना पाट्याला घासतो, उंच केलेली जीप वळणावर लवकर कलंडते, आणि मागच्या आडव्या बाकड्यावर बसलेल्याला धरायला काही नसतं. त्या बाकड्यावर कोण बसतं? बाया आणि लेकरं. एप्रिल २०२५ मध्ये आपल्याच वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या बाया हळदीच्या कामाला निघाल्या होत्या. नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात त्यांचा ट्रॅक्टर विहिरीत कोसळला आणि सात जणी गेल्या. तिथे जुन्या गाडीचा काही संबंध नव्हता. पण मालासाठी केलेल्या जागेत माणसं बसवायची सवय आपल्या अंगवळणी पडली आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. म्हणून मागे बाकडं लावून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आमच्याकडे नकार मिळतो.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीनं दिलेली जी माहिती आरसीवर नोंदलेली आहे तिच्याशी गाडी जुळेनाशी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं नियम मोडणाऱ्या मालकाला एकेका बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी. रंग बदलला तरी आरसीवर नोंद करून घ्यावी. न सांगता केलेल्या बदलावर अपघातानंतर विमा कंपनी बोट ठेवू शकते, आणि मग भरपाईचा बोजा घरावर येतो.

एक गोष्ट सांगतो, नाव-गाव न घेता. एका पोरानं बाहेरच्या राज्यातून सजवलेली उघडी जीप आणली. पंजाब-हरियाणाच्या बाजूला अशा जीपा बांधून देणारी गॅरेजं आहेत, मंडी डबवाली त्यासाठी नावाजलेली आहे. चांगलं काम करणारेही तिथे आहेत. पण या पोराला मधल्या दलालानं जी जीप दिली तिची आरसी एका गाडीची आणि चेसी दुसऱ्याच गाडीची होती. नंबराची पट्टी कापून वेल्डिंग केलेली. आमच्याकडे हूड शिवायला आली तेव्हा थोरल्यांनी चेसी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, आरटीओत घेतात तशी, आणि आकडे जुळेनात. अशी गाडी कुणाच्या नावावर होत नाही. ती जीप गोठ्यात उभी राहिली. आईचं सोनं सोडवायला हळदीचे दोन हंगाम गेले. पैसे द्यायच्या आधी पेन्सिल आणि कागद घेऊन कुणी वाकलं असतं, तर पाच मिनिटांचं काम होतं.

दुसरी गोष्ट एका बाईची. मालक वारले, मागे जीप राहिली, एमएच २२ नंबरची. आपला जिल्हा १ मे १९९९ ला झाला, त्याआधी आपण परभणीत होतो, म्हणून आपल्याकडच्या जुन्या गाड्यांवर परभणीचा २२ दिसतो आणि नव्यांवर ३८. दीर म्हणत होते भंगारात घाला. पोरगा म्हणत होता छत काढून रुंद टायर घालू. बाईनं एक वही आणली आणि म्हणाली, आधी काय-काय खराब आहे ते लिहून द्या, मग मी सांगते. यादी केली. इंजिन बरं होतं. पाट्याच्या टांग्याजवळ चेसीला गंज होता, पण चीर नव्हती. ब्रेक पूर्ण गेलेले. तिनं यादीतल्या पहिल्या चार ओळींचं काम करून घेतलं. रुंद टायर खोडले. रंग पुढच्या वर्षावर टाकला. आणि सगळ्यांत आधी आरटीओत गेली.

ते का, ते नीट ऐका. गाडीचा मालक वारला तर वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. विकत घेताना नमुना २९ आणि ३० लागतात. कर्ज फिटलं असेल तर नमुना ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्यायचा. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. चारचाकीला हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या गाडीला १०,००० रुपये. त्यावर पर्यावरण कर वेगळा, आणि मुदत उलटली असेल तर महिन्यागणिक दंड वेगळा. २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाडीला उच्च सुरक्षेची नंबर पट्टीही लागते. हे सगळं बेरजेत धरा. पुष्कळ लोक इंजिनाचा खर्च धरतात आणि कागदांचा विसरतात.

गाडी पन्नास वर्षांच्या पुढची असेल आणि तिची चेसी, बॉडी, इंजिन मूळचंच असेल, तर २०२१ च्या नियमानं तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात व्हीए अशी अक्षरं येतात. पण अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला आणि दुरुस्तीला नेता येते, रोजच्या वापराला किंवा भाड्याला नाही. म्हणजे तो हौसेचा मामला, कमाईचा नाही.

आणि सगळ्याच गाड्या वाचवायच्या नसतात. चेसीला चीर, कागद हरवलेले, इंजिन संपलेलं, असं तिन्ही असेल तर मन घट्ट करा. पण दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊ नका. नोंदणी तुमच्या नावावर राहिली तर त्या नंबरानं उद्या कोण काय करील सांगता येत नाही. सरकारमान्य भंगार केंद्रात द्या. तिथून जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, नोंदणी रद्द होते, आणि नवी गाडी घेताना त्या प्रमाणपत्रावर सवलत मिळू शकते.

शेवटी एक. हिंगोलीच्या नाक्यावर उभं राहून येणारे-जाणारे ट्रक बघा. कपाळावर आईचा आशीर्वाद, काचेवर लेकीचं नाव, फाळक्यावर बायकोचं. हॉर्न ओके प्लीज लिहायला आपल्या राज्यानं २०१५ साली मनाई केली, पण आपली नावं आहेत तशी आहेत. धाकटे ती नावं फार सुंदर काढतात, सावली देऊन. ते रंगवताना आम्ही कधी कधी गिऱ्हाइकाला विचारतो, आरसीवर कुणाचं नाव आहे? मग तो हसतो.

तुमचं सोनं ज्या गाडीत गेलंय तिच्या कागदावर तुमचं नाव असावं, निदान कामाची यादी तुमच्या हातात असावी. काम सुरू होण्याआधी ती लिहून घ्या, खाली मिस्त्रीची सही घ्या, आणि पैसे त्या यादीप्रमाणे टप्प्याटप्प्यानं द्या. वाचता येत नसेल तर लेकराला वाचायला सांगा. आमची वही प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बाईला उघडी असते, तशी ती कुठल्याही गॅरेजात असायला हरकत नाही.

काही विचारायचं असेल तर आपल्या रेडिओच्या पत्त्यावर कळवा, पुढच्या वेळी उत्तरं घेऊन येऊ. आता खळ्यावर हळद वाळत असेल, आभाळाकडे लक्ष ठेवा. नमस्कार.